म्हशीची कादंबरी

किटलीचं झाकण घरीच विसरून सारजाबाई काटेवाडीच्या डेअरीवर गेल्या, म्हणून त्यांची सून शालन झाकण घेऊन मागोमाग आली. रांगेत सासूबाई शेजारच्या फरिदाशी बोलत होत्या. शालन त्यांच्या पाठीमागं थबकली.

"काकू, सून हल्ली काय वाचती?"

"खुनाची कादंबरी. रोज धारंच्या वक्ताला मोठ्यानं वाचती. त्याबिगर म्हैस पान्हाच सोडत न्हाय."

"म्हशीला कादंबरी कळती व्हय?"

"तिला काय कळतंय! आमचे मालक पोरीला घटकाभर बसू देत न्हाईत. म्हशीचं नाव काढलं की गप ऱ्हात्यात. आन् मला कुठं वाचता येतंय? तिच्यामुळं ऐकाय तरी मिळतं."

शालन पुढं झाली.

"आत्या, झाकण. आन् सांजच्याला धार जरा लवकर काढू. खुनी कोण, म्हैस सकाळधरनं इचारतीय."