सशाचं भूत

...नाही, पण मला सांगा, डबा खायचा असतो की बघायचा? कारण स्वप्नानं लेकीला दिलेला डबा परत आला, तुम्हाला सांगते, जसाच्या तसा, पोळीची गुंडाळी तशीच, आतली भेंडी तशीच, आणि हे एक दिवसाचं नव्हे, रोजचं... पहाटे उठून कणीक मळायची आणि दुपारी तीच पोळी आपण सिंकपाशी उभ्याउभ्या खायची. लेक, उत्तरा, पाच वर्षांची. पुण्याहून जपानात, या सेंदाईला आल्यापासून इथल्या बालवाडीत जाते आणि दिवसभर उपाशी राहते. का गं बाई? तर मराठी प्रश्नाला जपानी उत्तर, "हाझुकाशिइ." लाज वाटते. आईच्या भेंडीची लाज!

आणि का नाही वाटणार? शेजारच्या पोरांच्या डब्यात भाताची अस्वलं झोपलेली, अंगावर ऑम्लेटची दुलई, गाजराची फुलं, कार्टूनमधली सगळी मंडळी एका डब्यात. आणि आमचं? हिरवं, चिकट.

मग साइतो बाईंनी, म्हणजे तिच्या शिक्षिकेनं, स्वप्नाला बाजूला घेतलं. "स्वप्ना-सान, उत्तारा-चान जेवताना... चोत्तो..." चोत्तो म्हणजे थोडंसं. पुढे काही नाही, नुसती मान तिरकी. आपल्याकडे बाई सरळ ओरडल्या असत्या, रडून मोकळं होता आलं असतं. इथे त्या चोत्तोनं स्वप्नाची झोप उडाली. पोरीचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला होता, हो.

शैलेंद्र, तिचा नवरा, विद्यापीठात संशोधन करतो. तो म्हणाला, "अगं, सिंपल आहे, एक व्हिडिओ बघ ना." हा माणूस दोन वर्षं एका पत्र्याला तडा का जातो ते शोधतोय, आणि बायकोनं व्हिडिओ बघून ससा करायचा! सांगलीला आईला फोन लावला, तर ती म्हणते, "मी कधी तुला डब्यात गणपती काढून दिला होता का? डबा खायचा असतो की बघायचा?" झालं. सल्ला संपला.

तरी तिनं केलं. बासमतीचं अस्वल केलं, ते उचलताच पसरलं. मग इथला चिकट तांदूळ आणला. डोळ्यांसाठी नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा तो काळा कागद... त्याचा वास सहन होईना म्हणून नाकाला पदर, पदर कुठला, टॉवेल लावून कात्रीनं गोल कापले. सकाळ उजाडेपर्यंत ससा झाला. कान, मिशा, गालावर बिटाची लाली. स्वप्ना त्याच्याकडे बघून रडली, खरंच सांगते.

आणि बालवाडीच्या दारात सायकलचं स्टँड सटकलं. सायकल आडवी, पिशवी खाली, डबा गडगडत उतारावर. घंटा वाजलेली, उघडून बघायलाही वेळ नाही. तिनं तो तसाच पोरीच्या हातात दिला आणि घरी येऊन नुसती बसून राहिली. दुपारी फोन. साइतो बाई. "स्वप्ना-सान, आजच्या डब्याबद्दल... चोत्तो..."

ती गेली, जशी फाशीला जावी तशी. बाईंनी डबा पुढे केला. रिकामा! शीत नाही. बाईंनी सांगितलं, झाकण उघडलं तर ससा फुटलेला, एक डोळा हनुवटीवर, बिटाचा रस सगळीकडे, आणि पोरं गोळा होऊन ओरडली होती, "ओबाके!" भूत. उत्तरानं काय करावं? चमच्यानं आधी डोळा खाल्ला, मग कान, प्रत्येक घासाला भुताची गोष्ट सांगत, आणि पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत. दारात एक आई वाट बघत होती. कमरेत वाकून म्हणाली, "आमचा मुलगा अस्वल खात नाही म्हणतो. ते भूत कसं करायचं, शिकवाल का?"

आता डबा खायचा की बघायचा हा प्रश्नच मिटला. पण दुसऱ्या दिवशी स्वप्नानं भूत करायला घेतलं, तर तिचा हात बसलेला! गोंडस ससाच होतो. उत्तरा झाकण उघडून म्हणते, "आई, हा छान झालाय," आणि डबा बाजूला सारते. तेव्हा हल्ली स्वप्ना डबा सायकलच्या पुढच्या टोपलीत टाकून रोज लांबच्या रस्त्यानं जाते, दणके बसावेत म्हणून. पण अख्ख्या सेंदाईत एक खड्डा सापडेल तर शपथ! पुण्याच्या बाईवर ही वेळ यावी!