लाकडाचा हात

नाही बाई, नवसाचा पाय मिळायचा नाही. किती वेळा सांगू — ते दारावर टांगलेले दिसतात ना, दोन पाय आणि एक डोकं, ते जुने आहेत, माझा हात तिथवर पोचत नाही म्हणून राहिलेत. पुढच्या गल्लीत जा, तिथे मेणाचेही मिळतात. — बस, बस, एवढ्या उन्हातून त्या तपकिरी झग्यात चालत आलीस, पाणी तरी पी. संत फ्रान्सिसला बोललेला झगा ना हा? किती दिवस घालायचा? वर्षभर. आणि वर पाय वाहायचा. मुलाचा पाय वाचला, मग तू तरी काय करणार, बोललीस ते फेडलंच पाहिजे — इथे कनिंदेला येणारं प्रत्येक माणूस तेच म्हणतं. त्यावरच तर आमचं घर चाललं. माझा नवरा आनीझियो लाकूड कोरायचा, मी काचपेपरनं घासायची. कुणाचा गुडघा, कुणाचं स्तन, कुणाचं काळीज. काळीज असंच असतं का, विचारलं तर म्हणायचा, संताला कळतं, तू घास.

आता नाही. मी आता पलीकडच्या प्रार्थनाघरात जाते, तिथे संतही नाहीत आणि नवसही नाहीत. हो, बाटले म्हण, म्हणायचं असेल तर, माझी सख्खी बहीण म्हणते. पण तुला सांगते — सहा वर्षांमागे तिथले पास्टर एलिएल म्हणाले, झुल्मीरा, येशूनं सगळं फेडून ठेवलंय, देवाला तुझ्याकडून काही नको. काही नको. मी घरी आले, भांडी घासायला बसले आणि हसायलाच लागले, एकटीच. जन्मापासून मी कुणाला ना कुणाला काहीतरी बोलून बसलेली — पाऊस पडला तर अमुक, ताप उतरला तर तमुक — आणि आता भांडी नुसती भांडी, पाणी नुसतं पाणी. बाजारात चालताना वाटायचं, डोक्यावरची घागर कुणीतरी उतरवून घेतलीय. आनीझियो चिडवायचा, बायको सुटली आणि मी लाकडात अडकलो. तो कोरत राहिला, मी घासणं सोडलं, आणि त्यावरून आमचं भांडण नाही झालं — म्हणजे झालं, पण जेवणापर्यंत मिटायचं.

— आत आहे तो. झोपलेला नाही. हळू बोल. चार महिने झाले, अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चांगला आहे, आणि कान. लोक काय म्हणाले असतील ते सांगायला नको — बायको बाटली, संतानं कोरणारा हातच काढून घेतला. मी म्हटलं, देव असला नसतो. मोठ्यानं म्हटलं, आत ऐकू जावं म्हणून. पण प्रार्थनेला बसते ना, तर शब्द फुटत नाही. मागायचं कसं? रिकाम्या हातानं मागतात कसं? मला येतच नाही ते. पास्टर म्हणतात, लेकरू बापाकडे मागतं तसं माग. माझा बाप — त्याच्याकडे काही मागायचं तर आधी तासभर त्याचे पाय चेपावे लागायचे.

हे कुणाला सांगू नकोस. तू परगावची, यात्रेचा ट्रक सुटला की जाशील, म्हणून बोलते. मागच्या महिन्यात मी हात कोरला. त्याच्याच पटाशीनं, कोंबड्यांच्या खुराड्याआड बसून, आवाज जाऊ नये म्हणून मोगरीला फडकं गुंडाळून. लोक बरं झाल्यावर वाहतात, मी आधीच घेऊन निघाले होते. जन्मात कधी कोरलं नव्हतं. नमुना हवा म्हणून त्याच्या उशाशी बसून हात निरखायची — उजवा तर मुठीत आकसलाय, त्यावरून बोटं कशी कळणार — म्हणून चांगला हात बघितला. तसाच्या तसा उतरवला, नखंसुद्धा. पुरा झाला आणि कळलं, डावा झाला. इतकी वर्षं हात घासले मी, आणि मला डावं-उजवं कळलं नाही. — हस, हस, मीही हसले. मग रडले. संताच्या चर्चमधल्या नवसाच्या खोलीत हा टांगला तर संत काय समजेल — उरलेला हातही घेऊन टाक, असं? आणि येशूला काय तोंड दाखवू? इकडची राहिले नाही, तिकडची झाले नाही. तो हात पिठाच्या डब्यामागे पडलाय, जाळवतही नाही मला.

सकाळी तेवढं जरा बरं असतं. कोमट पाण्यानं त्याला पुसते, मक्याचा कुस्कुस दुधात मऊ करून भरवते, आणि तेवढा वेळ — कसं सांगू — तेवढा वेळ मला कुणाकडून काहीच नको असतं. त्यानं बरं व्हायलाही नको असतं. तोंड पुसायचं, पुढचा घास. हेच का ते, पास्टरना विचारलं पाहिजे. वाटी रिकामी झाली की परत सगळं सुरू होतं.

आणि गुरुवारी काय झालं, ऐक. त्याच्या खाटेसमोर संताची तसबीर होती, त्याच्या आईच्या वेळची. पास्टर आले होते. यानं डाव्या हातानं तसबिरीकडे दाखवलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, काढू? मान हलवली. विचारलं, खरंच? परत मान. सत्तरीचा माणूस, ज्या संतावर पोट भरलं त्याला खाली उतरवला त्यानं — कशासाठी? पोथ्या वाचून नव्हे, त्याला वाचता येत नाही. सहा वर्षं मला हसताना बघितलं म्हणून. पास्टरच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले, झुल्मीरा, तुझी साक्ष. मी कॉफी करायच्या निमित्तानं चुलीपाशी गेले.

— नाही, तो हात तुला देणार नाही, तुला पाय हवाय. ऊठ आता, ट्रक चुकेल. थांब — आलीच आहेस तर जरा आत ये, त्याची कूस बदलायची वेळ झाली, एकटीनं उचलवत नाही मला. तू खांदे धर, मी पाय धरते. झालं की लगेच नीघ. आणि आत बोलू नकोस काही. दिवसभर तो माझ्याकडेच बघत असतो. त्याला वाटतं, मी सुटलेय.