मीठ आणायला गेलेले मास्तर

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या काकू, त्यांना न्यायला आलेल्या त्यांच्या कन्या, चाकावरचे आणि भट्टीवरचे माझे सोबती, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभे असलेले सर्व बंधुभगिनींनो,

मला इथे सगळे ‘चकाकी’ म्हणतात. भांड्यांना चकाकी चढवण्याचं काम माझं आहे म्हणून. नाव टकलावरून पडलं हा गैरसमज भट्टीवाल्यांनी पसरवलेला आहे. आज मात्र चकाकी न चढवता बोलणार आहे.

काकूंनी इतकी वर्षं आपल्या कारखान्यातली मातीची खोली सांभाळली. सांभाळली म्हणजे काय केलं? गोणपाट भिजवलं आणि मातीवर टाकलं, त्यात काय मोठंसं? एकदा टाकून बघा. पाणी जास्त झालं तर चिखल, कमी पडलं तर दगड. काकू गोणपाट पिळायच्या, गालाला लावून ओल बघायच्या आणि मगच झोपलेल्या मुलावर घालावं तसं मातीवर घालायच्या. एखादा गोळा कडक व्हायला लागला, तर अंगठ्याने खळगे पाडून त्यात पाणी भरायच्या. सकाळी चाकावर बसणाऱ्याला माती हवी तशी मिळायची.

त्याच खोलीत वरच्या फळीवर टोमॅटो असायचे. देठाची बाजू खाली, एकमेकांना न खेटता मांडलेले. आता मला सांगा, मातीला हवी ओल आणि टोमॅटोला हवी कोरडी सावली. त्या दमट खोलीत त्यांना बुरशी यायला नको? कधी आली नाही. अध्यक्षसाहेब, आपल्यापैकी कुणी विचारलं का, की असं कसं?

जुन्यांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. काकूंचे यजमान म्हणजे आपले मास्तर. चाकावर त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळची माती मळून झाली की टोमॅटोला मीठ लावून खायचे, मग चाकावर बसायचे. एके सकाळी मीठ संपलं होतं. मळलेला गोळा त्यांनी झाकून ठेवला, टोमॅटो फळीवर ठेवला आणि काकूंना म्हणाले, “आलोच.” समोरच्या दुकानापर्यंत पोचले नाहीत. रस्त्यातच कोसळले.

तो गोळा काकूंनी कुणाला वापरू दिला नाही. त्यावर मास्तरांच्या बोटांचे ठसे होते. शेजारी त्यांनी मिठाची वाटी ठेवली. माणूस येतो म्हणून गेलाय, तर त्याची माती तयार नको का, आणि टोमॅटो ताजा नको का? रोज संध्याकाळी गोणपाट भिजवून झालं की कुलूप लावताना आत बघून म्हणायच्या, “येते हं.” निघताना आपण सगळेच ‘येतो’ म्हणतो, त्यात विशेष नाही. पण काकू ते कबूल केल्यासारखं म्हणायच्या.

लेकीच्या बाळंतपणाला त्या गेल्या, तेव्हा किल्ली माझ्याकडे होती. सांगितलं तसं सगळं केलं. ‘येतो’सुद्धा म्हणालो, आजूबाजूला कुणी नाही हे बघून. सकाळी दार उघडलं तर गोणपाटाची घडी बाजूला होती. गोळा नव्याने मळलेला होता. फळीवरचा एक टोमॅटो गेला होता, आणि वाटीतल्या मिठात चिमटीचा खळगा होता, त्याला ओली माती लागलेली. पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, किल्ली तर तुमच्याच खिशात होती.

काकू परतल्यावर मी सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील, नाहीतर मला वेड्यात काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, “मीठ पुरलं ना रे?”

काहीजण हसताय. हसा. मीही घरी जाऊन हसून बघितलं होतं, जमलं नाही.

लेक कधीची बोलावत होती, पण काकूंचा पाय निघत नव्हता. मागे मास्तर ताटकळत बसले तर, ही एकच काळजी. शेवटी आज सकाळी त्या मला बरोबर घेऊन खोलीत गेल्या. गोणपाट काढलं आणि कोरड्या दांडीवर टाकलं. मिठाची वाटी रिकामी करून पालथी घातली. मग गोळ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मी जाते. तुम्ही आता वाट बघू नका.” त्यांचा आवाज स्थिर होता. रडलो मी.

दुपारपर्यंत गोळ्याला तडे गेले. टोमॅटो पार सुरकुतले. काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “सुटले.” इतक्या वर्षांत त्यांना निवांत बसलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. फार बरं वाटलं.

आणि आता जे सांगायचं ते सांगतो. समारंभाला येण्याआधी खोली बंद करायला मी एकटा गेलो. हे भाषण मनात घोळत होतं. कुलूप लावता लावता, सवयीने, माझ्या तोंडून गेलं, “येतो.”

किल्ली काढली आणि आतून आवाज आला. लाकडी पाटावर माती आपटून मळतात, तो आवाज. चाकावरच्या माझ्या सोबत्यांना तो वेगळा सांगायला नको.

काकू, तुम्ही उठू नका. बसा. तुम्ही निरोप घेतलात, तो घेतलाच. ‘येतो’ मी म्हणालोय, तेव्हा यापुढे वाट माझी बघितली जाईल. तुम्ही लेकीकडे जा, नातवाला मांडीवर घ्या. गोणपाट मी भिजवीन. पिळून, गालाला लावून.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि कुलूप लावताना झालं, त्याची माफी काकू, तुमच्याकडे वेगळी मागतो.

चहाला मात्र मला थांबता येणार नाही. वाटीत मीठ नाही, आणि समोरचं दुकान आता बंद होईल.