काच वेगळी बांधायची

मी मूळची वेंगुर्ल्याकडची, आणि आमच्याकडे घरात कचरा असा नव्हताच, काय सांगू तुम्हाला, साली गुरांना, काटे मांजराला, नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत, आणि त्या चुलीतली राख पुन्हा भांड्यांना. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले तर मजल्याच्या टोकाला एकच पिंप, आणि सगळ्यांचं सगळं त्यात. पहिल्या दिवशी साली हातात घेऊन उभीच राहिले, टाकवेना मला. सासूबाई म्हणाल्या, टाक गो, हय खय गाय आसा तुझी? मग झाली सवय. पिंपात पडलं की आपला संबंध संपला, असंच वाटायला लागलं.

ते पिंप उपसायला सखूबाई यायची. साताऱ्याकडची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. आत हात घालून सगळं ओढून पाटीत भरायची. तेव्हा लोक तिला शिवत नव्हते, कशाला खोटं सांगू, मीपण नव्हते शिवत.

तर ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आमचे हे मिलमध्ये साच्यावर कापड विणायचे, आणि मोर्चा म्हटला की सगळ्यांच्या पुढे. त्या दिवशी सकाळी गेले ते गेले, दुपारी बातमी आली की गोळ्या सुटल्या. सासूबाई गॅलरीतून हलेनात. दिवेलागणीला मी कंदिलाची काच पुसायला घेतली, लक्ष सगळं जिन्याकडे, सुटली आणि फुटली. तिन्हीसांजेला, दिव्याची काच, आणि नवरा बाहेर! जर सासूबाईंनी बघितलं आणि ह्यांचं काही बरंवाईट झालं, तर जन्मभर मलाच पांढऱ्या पायाची म्हणतील, हे एकच डोक्यात. भराभर तुकडे गोळा केले, पिंपात घातले, वर भाजीची देठं, बांगड्याचे काटे, आणि त्यावर उरलेली पेज ओतली. खोलीत बिनकाचेची चिमणी लावली नि सांगितलं, कंदिलातलं रॉकेल संपलंय. नऊच्या सुमाराला हे आले, सदरा फाटलेला, पण धडधाकट. सासूबाई रडायलाच लागल्या, आणि मी मनात म्हटलं, सुटले बाई.

सकाळी सखूबाईनं पिंपात हात घातला.

ओरडली नाही हो ती. नुसतं आई गं म्हणाली आणि उजवा हात धरून खाली बसली. सगळ्या बायका दारात, कुणी घातली काच, कुणी घातली, आणि माझ्या तोंडाला कुलूप. दुपारी गुपचूप कोपऱ्यावरून नवी काच आणून बसवली.

सखूबाई यायची बंद झाली, तिची जाऊ यायला लागली. हात गेला तर काम गेलं, आणि घरात तीन पोरं. रोज म्हणायचे, देवा, तिचा हात बरा कर, पण जाऊन सांगायचं धैर्य होईना. मात्र पिंपात काही टाकायला गेले की हात मागे यायचा. मग साली वेगळ्या ठेवायला लागले, तबेलेवाल्या भय्याच्या म्हशींना, आणि काच, ब्लेड, खिळा काहीही निघालं की चिंधीत बांधून बाजूला. बायका हसायच्या, काय गो, कचऱ्याचा संसार मांडलंस? समजावून थकले, एक ऐकेल तर शपथ. पण म्हैस व्यायली आणि भय्यानं मला खरवसाचं दूध आणून दिलं, अहो, दुसऱ्या दिवशी समोरच्या मालतीच्या दारात सालींची पाटी! आठवड्यात अख्ख्या मजल्याच्या पाट्या. कळवळा बिळवळा काही नाही, हिला खरवस मिळतो मग मला का नाही! त्यांना तरी काय हसू, मी भीतीनं करत होते.

महिन्यानं सखूबाई आली. दोन बोटं वळत नव्हती. मजल्यावर कोणी नाही बघून मी गेले नि म्हटलं, सखूबाई, ती काच माझी होती. ती पाटी भरतच राहिली. मग म्हणाली, ठावं हाय मला, जावंनं तवाच सांगितलं, समद्या मजल्यावर तुझ्याच कंदिलाची काच नवी. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? एरवी मला वैनी म्हणायची, त्या दिवशी म्हणाली, पोरी, माझा बी मालक त्या मोर्च्यात गेलता, तिसऱ्या दिशी घरी आला, तवर माझा बी जीव टांगणीला. तुझा धड आला न्हवं?

मी तिचा तो हात धरला आणि ढसाढसा रडले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी बघितलं आणि तशाच आत गेल्या.

आता हे नाहीत, सखूबाईही नाही. चाळ पडली, टॉवर झाला, ओल्या-सुक्याचे दोन रंगांचे डबे आले. सून म्हणते, आई, खाली गाडीत सगळं एकच होतं, तुम्ही कशाला जीव काढता? मी म्हणते, होऊ दे गं, गाडीच्या आधी डबे उचलायला शोभा येते ना, तिलाच हात घालावा लागतो. काच फुटली की पुरचुंडी बांधून मी ती शोभाच्या हातात देते आणि आत काय आहे ते सांगते. देवाकडे माझ्यासाठी मागण्यासारखं आता काही राहिलं नाही. शोभाचे हात धड राहू देत, एवढं रोज म्हणते.