रविवारी मला बघायला येणार आहेत

कान्हे स्टेशनच्या बाकावर मी लोकलची वाट बघत होतो. शेजारी गळ्यात कंपनीची ओळखपत्रं घातलेल्या दोघी बसल्या होत्या. एकीचा मोबाईल सारखा टिंग टिंग वाजत होता.

"अपेक्षा, बंद कर की ते!"

"कसं करू? रविवारी मला बघायला पाहुणे येणारेत, ते ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाकलं. म्हटलं, त्या दिवशी ड्युटी नको लागायला."

"बरं केलंस."

"कसलं बरं, स्नेहल! हाताला सवय. रोजच्या मीटिंगचाच ग्रुप निवडला. अख्ख्या डिपार्टमेंटला आमंत्रण गेलं!"

"अगं बाई! मग?"

"विषय कोण वाचतंय? मीटिंग दिसली की दाबला होकार. साहेब तर विचारतायत, प्रेझेंटेशन कोण देणार?"

"तूच की! पोह्यांचा ट्रे घेऊन!"

"हसू नकोस गं. आई म्हणती, एवढ्या माणसांना पोहे पुरायचे न्हाईत."

"रद्द कर मग."

"करणारच होते. तेवढ्यात एक नकार आला. स्टोअरमधल्या श्रीयशचा."

"तुला बघून चहा सांडतो, तो? त्यानं नकार दिला अन् तू एवढी खूश?"

"नकारासोबत त्यानं दुसरी वेळ सुचवलीय. शनिवारची. पाहुण्यांच्या आदल्या दिवशी! खाली लिहिलंय, आईला घेऊन येतो."

"अपे! मग तू काय केलंस?"

"आत्ता तुझ्यासमोर होकार दाबला की!"

टिंग.

"आता कोण?"

"साहेब. नवी वेळपण सगळ्या ग्रुपला गेली वाटतं. शनिवारीपण येतायत."