डब्यावरचा सूर्य

“रोल सावलीत भर गं,” वडील बजावत. बसची वाट पाहत जप करताना मला तो आवाज आठवला, कारण शेजारी बसलेल्या मायलेकी कॅमेऱ्याच्या रोलबद्दलच बोलत होत्या.

“बघ आई, मी केलेला रोलचा नवा डबा. रोल किती उजेडाला चालतो ते सांगणारे आकडे मागच्या बाजूला टाकले. बाहेरच्या फोटोला सूर्य, घरातल्याला दिवा.”

“साहेबांना पटलं?”

“आधी हसले. मग मी म्हटलं, कुठला रोल हे विचारायला लाजून माझ्या आईनं कॅमेरा कपाटात ठेवलाय.”

“अगं बाई! माझी अब्रू ऑफिसात मांडलीस?”

“त्यावरच तर हो म्हणाले.”

“गुणाची गं माझी!”

“आता रोल तूच आणायचास. कबूल केलंयस.”

“बस येईल ना.”

“येऊ दे.”

आईनं ऊन पाहिलं, पर्स उचलली आणि एकटीच समोरच्या दुकानाकडे निघाली.