चौथ्या मजल्यावरचं पाणी

…नाही नाही, तिथे नको — दोन पावलं डावीकडे, त्या छज्ज्याखाली. हां, तिथे कोरडे राहाल. तर तुमचा प्रश्न असा, की जेनोव्हात संध्याकाळ रंगवायची कशी? आणि विचारताय कुणाला — तर जन्मभर पोरांना ग्रीक क्रियापदं शिकवलेल्या काठीवाल्या म्हाताऱ्याला! बरं, सांगतो. चुकत असेन तर — चुकतच असेन म्हणा. पहिलं म्हणजे, आठच्या आत जेवण मागू नका, वेटर तुम्हाला दवाखान्यातून पळून आलेला समजेल. तोवर पांढरी वाइन घ्यायची. तिच्याबरोबर ऑलिव्ह नि फोकाच्चा पावाचे तुकडे आपसूक येतात, पण त्यांवर पोट भरायचं नसतं — तो टोपीवाला बघा, तिसरी बशी! दुसरं, पेला घेऊन गल्लीत उभं राहायचं आणि कुरकुर करायची. कशाची म्हणजे? कशाचीही. वाऱ्याची, महापौराची, फुटबॉलची. आमचे जुने खलाशी म्हणे पगार कमी घ्यायचे, पण जहाजावर कुरकुरण्याचा हक्क मागून घ्यायचे. तुम्ही असे ‘किती सुंदर, किती सुंदर’ करत राहिलात, तर कुत्रंसुद्धा बोलणार नाही तुमच्याशी.

आणि तिसरं — वर बघा. खिडक्या. रात्री इथे गाणी सुरू होतात, गाणी कसली, बोकड परवडले — आणि मग वरून पाणी येतं. तिसऱ्या मजल्यावर सिन्योरा त्राव्हेर्सो, तिच्यापासून जपा. सुका मासा भिजवलेलं पाणी राखून ठेवते ती. कोट टाकूनच द्यावा लागतो. चौथ्या मजल्यावरचं मात्र स्वच्छ असतं. नळाचं. गार, पण स्वच्छ. आणि नेम बुटांवर असतो, डोक्यावर नाही — मला कसं माहीत? अहो… मी राहतो तिथे. हसा, हसा. खालचे तर टाळ्या वाजवतात, नालायक! ‘शाबास, प्रोफेसर!’ म्हणतात. निषेध करायला जावं आणि टाळ्या मिळाव्यात — वर्गात जन्म गेला, तिथे कुणी एकदाही टाळी वाजवली नाही.

पण आता संपेल हे. सिन्योरा त्राव्हेर्सो येईलच एवढ्यात, हा बार रात्री नऊला बंद करा म्हणून अर्ज घेऊन. आज शेवटचा दिवस. प्रत्येक घराची सही लागते आणि फक्त माझी राहिलीय. मसुदा माझाच हो! सुंदर झालाय, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. सही तर मी वसंतातच करणार होतो, पण मध्येच हा पाय मोडला. कसा म्हणजे — ते जाऊ द्या. बादली भरताना घसरलो न्हाणीघरात. उठता येईना. ओरडलो, पण त्या गोंगाटात कोण ऐकणार? हेच तर लिहिलंय मी अर्जात, इथे माणूस मेला तरी कळायचं नाही! आणि खालून काय यावं — ‘प्रोफेसर, पाणी! प्रोफेसर, पाणी!’ मी फरशीवर पडून शिव्या देतोय, ग्रीकमध्ये, आणि हे पाणी मागताहेत. मग एकदम गप्प झाले. सगळी गल्ली गप्प. ज्या शांततेसाठी मी इतकी वर्षं भांडलो, ती आली — आणि मी घाबरलो हो, फार घाबरलो. मग जिन्यात धावण्याचा आवाज. ती तिथे उभी आहे ना, हिरव्या केसांची मुलगी, ती आणि हा बारवाला इलारिओ, त्यानं खांद्यानं दार फोडलं. मुलगी म्हणते, ‘प्रोफेसर, पाणी आलं नाही, म्हणून आलो.’ …सिन्योरा त्राव्हेर्सो? ती माझ्याच पायाखाली राहते. कानात बोळे घालून झोपली होती. तिचा काय दोष त्यात?

सांगा, करू सही? नको, तुम्ही सांगू नका, तुम्ही उद्या रोमला जाल. माझंच मला — ती बघा, आली! हातात कागद. तुमच्याकडे पेन आहे? मग लपवा ना ते! मला तुम्ही पाहिलेलं नाही. मी मागच्या दारानं वर जातो, चार मजले आहेत, ह्या पायानं वेळ लागतो, शिवाय बादली भरायचीय. तुम्ही छज्ज्याखालीच थांबा. आणि टाळ्या वाजवू नका. आणि हे बघा — पाणी आलं नाही, तर… काही नाही. वाइन संपवा तुमची.